फोनमधली जगिक गाणी ठेवू की पुसून टाकू?

तुझं पत्र नीट वाचलं. चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात तुम्हाला सांगितलं गेलं, की जगिक गाणी, म्हणजे सिनेमाची, प्रेमाची, चर्चबाहेरची सगळी गाणी, ऐकणं म्हणजे सैतानाला घरात जागा देणं. तिथेच बसून सगळ्यांनी फोनमधली गाणी पुसली, तूही पुसलीस. आता बाबा सकाळी रेडिओवर जुनी भावगीतं लावतात तेव्हा तुला पाप केल्यासारखं वाटतं, मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून सिनेमाचं गाणं ओठावर आलं की दचकायला होतं, आणि त्यात तुमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, गणेशोत्सव मंडळानं तुला गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावलंय. ख्रिस्ती माणसानं हे सगळं ऐकावं-गावं की नाही, असं तू विचारलंस.

मी पाळक, म्हणजे पास्टर, नाही. नागपुरात सदर भागात एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कॉयर बसवतो, आठवडाभर पोरांना हार्मोनियम आणि की-बोर्ड शिकवतो, आणि हा प्रश्न दर शिबिरानंतर माझ्याकडे येतोच. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाणं जगिक की ख्रिस्ती हे बघायच्या आधी, ते कुठे वाजतंय, तू तिथे कोण म्हणून उभी आहेस आणि ऐकून उठल्यावर तुझं काय झालेलं असतं, हे बघावं लागतं. एकाच गाण्याचं उत्तर दोन ठिकाणी दोन येऊ शकतं.

शिबिरात जे सांगतात त्यातलं थोडं आधी बाजूला काढू, म्हणजे बोलायला जागा होईल. सैतान हा स्वर्गातला संगीतप्रमुख होता, म्हणून संगीत त्याच्या ताब्यात आहे, असं हमखास सांगितलं जातं. त्यासाठी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, यहेज्केल २८ दाखवतात. तो अध्याय उघडून बघ, तो विलाप सोर नावाच्या नगराच्या राजाविषयी आहे. सैतान स्वर्गात गायनवर्ग चालवत होता असं शास्त्रात कुठेही नाही. दुसरी गोष्ट ४४० हर्ट्झची. हा सूर माणसाचं मन बिघडवण्यासाठी मुद्दाम लादला, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. वाद्यं एका सुरात जुळावीत म्हणून १९३९ साली लंडनच्या परिषदेत तो आकडा ठरला, एवढंच. आपल्या उपासनेतला की-बोर्डही ४४० लाच लावलेला असतो, आणि ही गोष्ट सांगणारे त्याच्याच साथीवर गात असतात.

शास्त्रात संगीताची पहिली नोंद उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आहे. वीणा आणि पावा वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल, आणि तो भावाचा खून करणाऱ्या काईनाच्या वंशातला. म्हणजे ज्या घराण्यातून वाद्यं आली ते घराणं काही आदर्श नव्हतं, तरी पुढे दाविदानं तीच वीणा हातात घेतली. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेतावरून येतो तेव्हा घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकू येतो. ती काही उपासना नव्हती, बापाच्या आनंदाची घरगुती मेजवानी होती. गीतरत्न तर उघडउघड प्रेमगीतांचा संग्रह. पण दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात हीच वाद्यं नबुखद्नेस्सर राजानं उभ्या केलेल्या सोन्याच्या मूर्तीसमोर वाजतात, आणि तिथे तिघं तरुण वाकत नाहीत. ती वाद्यं त्यांच्या कानावर पडलीच होती, त्यांनी कान झाकले असं लिहिलेलं नाही. त्यांनी गुडघा टेकला नाही.

आता प्रेषित पौलाकडे ये, कारण तुझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं शास्त्रात कुठे असेल तर ते करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायांत आहे. तिथे विषय संगीताचा नाही, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा आहे. करिंथमध्ये देवळात अर्पण झालेलं मांस बाजारात विकायला येई. ते खावं की नाही, यावरून मंडळीत दोन तट पडले होते. पौल सरसकट हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. तो तीन जागा वेगळ्या करतो, आणि नागपुरात राहणाऱ्या माणसाला या तिन्ही जागा रोज भेटतात.

एक जागा देवळाची. तिथल्या पंगतीत बसू नका, असं तो म्हणतो, कारण तिथे नुसतं जेवण नसतं, तिथे तुम्ही पूजेचे भागीदार होता. दुसरी बाजाराची. बाजारात जे विकतं ते खुशाल घ्या, उगाच चौकशा करत बसू नका. पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. तिसरी शेजाऱ्याच्या घरची. त्यानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा. पण तिथे कोणी मुद्दाम म्हणालं, की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका. स्वतःसाठी नाही, त्या सांगणाऱ्यासाठी.

हे गाण्यांना लावून बघ. सीताबर्डीच्या दुकानात, मेट्रोत शेजारच्याच्या फोनवर, फुटाळ्याच्या काठावर चहाच्या टपरीवर वाजणारं गाणं हा बाजार. तिथे प्रत्येक ओळ तपासत बसलीस तर तुला घराबाहेर पडता येणार नाही, आणि पौलानं ते ओझं तुझ्यावर टाकलेलंही नाही. मैत्रिणीच्या हळदीला डीजे लागला, मामेबहिणीच्या लग्नात ऑर्केस्ट्रा आला, ही शेजाऱ्याची पंगत. जा, टाळ्या वाजव, गाणं बरं असेल तर म्हण. गाणं अश्लील लागलं तर पाणी प्यायला ऊठ, भाषण देऊ नकोस. १४ एप्रिलला इंदोऱ्याकडून येणारी भीमगीतं मी याच खात्यात धरतो. एका माणसाविषयीची कृतज्ञता आणि एका समाजाची आठवण आहे ती, तिला मूर्तिपूजा म्हणण्याचा आगाऊपणा आपण करू नये. आणि आरती ही देवळाची जागा. आरतीत आवाज मिसळला की तू श्रोता राहत नाहीस.

अभंगांचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण गाणाऱ्या मुलीला ते आज ना उद्या पडणारच. मी अभंग ऐकतो. आवाज कसा लावावा, शब्द कुठे सोडावा, टाळाच्या ठेक्यावर ओळ कशी टेकवावी, हे ज्यांनी अभंग गायलेत त्यांच्याकडूनच शिकायला मिळतं. पण विठ्ठलाला केलेला धावा मी माझी प्रार्थना म्हणून गात नाही. तो दुसऱ्या कोणाची तरी खरी प्रार्थना आहे. ती प्रार्थना न करता नुसती चाल म्हणून गाणं मला तिचाही अपमान वाटतो. माझ्या ओळखीतले काही ख्रिस्ती गायक याबाबत माझ्यापेक्षा सैल आहेत, काही जास्त कडक. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच मतभेदासाठी लिहिलाय. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये.

नागपूरकर ख्रिस्ती माणसाला तर हे सगळं थोडं आधी कळायला हवं. कवी ना. वा. टिळक इथेच राहत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी तुकाराम फेकून दिले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आज उपासना संगीत हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून आपण त्यांची जी गीतं म्हणतो त्यांत अभंग आहेत, ओव्या आहेत, कीर्तनाचा बाज आहे. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते ओवीतच. तिकडे युरोपातही निराळं घडलेलं नाही. गुड फ्रायडेला जगभर जे काट्यांच्या मुकुटाचं गीत गातात, त्याची चाल हान्स लिओ हासलर यांच्या १६०१ च्या एका प्रेमगीताची. मुलीच्या प्रेमात गोंधळलेल्या जिवाचं ते गाणं. पुढे त्या चालीवर वधस्तंभाचे शब्द बसले, जर्मन संगीतकार बाखनं ती आपल्या रचनेत घेतली, आणि आता ती चाल ऐकून कोणाला ती मुलगी आठवत नाही.

मात्र यावरून सगळं माफ, असं कोणी म्हणू लागलं तर तेही घाईचं आहे. धर्मसुधारक मार्टिन लूथरनं दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलल्या असं तरुणांना सांगायला आवडतं, ते तसं नाही. त्यानं मुलांसाठी केलेल्या एका ख्रिस्तजन्माच्या गीताला आधी एका लोकप्रिय गाण्याची चाल होती, आणि १५३९ साली ती बदलून नवी चाल छापली गेली. चालीला जुन्या आठवणी चिकटून येतात हे त्याला नक्कीच दिसत असणार. झुरिचचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा, कसलेला संगीतकार, पण त्यानं उपासनेतून संगीतच काढून टाकलं. आणि प्राचीन चर्चचा थोर आचार्य ऑगस्टीन याला तर जगिक गाण्यांची नाही, चर्चमधल्या गाण्याचीच धास्ती होती. गायलेल्या अर्थापेक्षा गळ्याच्या गोडव्यानंच मी हलतो तेव्हा मला अपराधी वाटतं, असं त्यानं आपल्या ‘कबुली’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. म्हणजे तुला जी टोचणी लागलीये ती काही शिबिरातच जन्माला आली नाही, मोठमोठ्यांना लागलेली आहे. फक्त त्यांनी ती विचार करून सोसली.

मग गाणं तपासायचं कसं? माझ्याकडे एकच पद्धत आहे, आणि ती मी कॉयरच्या पोरांवर वापरतो. सरावाच्या दिवशी पेटी बंद ठेवायची. प्रत्येकानं आपल्या आवडत्या एका गाण्याचे शब्द वहीत लिहायचे आणि चाल न लावता, बातम्या वाचल्यासारखे मोठ्यानं वाचायचे. एका पोरानं लग्नात सगळे ज्यावर नाचतात असं एक गाणं आणलं होतं. दुसऱ्या कडव्यात तो अडखळला. गाण्यातली मुलगी पहिल्या ओळीपासून नाही म्हणतेय आणि नायक शेवटपर्यंत तिच्या मागे मागे फिरतोय. ढोलकीच्या ठेक्यात हे कधी त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. एका मुलीनं आईचं जुनं मराठी गाणं आणलं, पावसाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचं. त्यात देवाचं नावही नव्हतं, पण वाचून झाल्यावर तबल्यावरचा पोरगा म्हणाला, हे तर स्तोत्रसंहितेतलं वाटतंय. मग एका आगाऊ पोरानं आपल्याच उपासनेतलं एक नवं गीत काढलं. चार ओळी, त्याच पुन्हा पुन्हा, आणि त्यांत मी, मला, माझं याशिवाय फारसं काही नाही. सगळे हसले. हसू देत. फिलिप्पैकरांस पत्रात जे जे सत्य, जे जे शुद्ध, जे जे प्रशंसनीय त्याचं मनन करा म्हटलंय, तिथे ते ख्रिस्ती कंपनीच्या लेबलाखाली असावं अशी अट नाही. आणि लेबल असलं म्हणून सूटही नाही.

शब्दांइतकंच दुसरंही बघ: ऐकल्यावर तुझं काय होतं? हे तुझं तुलाच कळेल, मला नाही. रडकी प्रेमभंगाची गाणी काही मुलं ऐकून विसरतात. काही मुलं रात्री बारानंतर कानात इअरफोन घालून तीच ती ऐकतात आणि जुनी जखम ताजी ठेवतात. गाणं तेच. अशा मुलाला मी गाणं पूस असं म्हणतो, पण ते गाणं पापी आहे म्हणून नाही. आणखी एक सूचना, ती अगदी कोरडी आहे: फोनमधलं ऑटोप्ले बंद कर. निवड तू करत असशील तर तिच्यावर विचार करता येतो. एका गाण्यानंतर दुसरं आपोआप लागत गेलं, की अर्ध्या तासानं तू जे ऐकत असतेस ते तू निवडलेलंच नसतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी स्वतः घरी गाणी बंद ठेवतो. पहिले काही दिवस कुठल्या वेळी हात आपसूक फोनकडे जातो, तेवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आणि नुसती भक्तिगीतं ठेवली म्हणजे मन शुद्ध झालं, या भ्रमात राहू नकोस. बायबलातल्या शौल राजाचं उदाहरण यासाठीच मला मोलाचं वाटतं. दावीद वीणा वाजवी आणि शौलाला बरं वाटे, दुष्ट आत्मा त्याला सोडून जाई. पण पुढे दोन अध्यायांनी हाच दावीद रोजच्यासारखा वाजवत बसलेला असतो आणि शौल त्याच्यावर भाला फेकतो. दाविदापेक्षा चांगला भक्तिसंगीतकार कोण आणणार? हेवा आत तसाच होता, वीणेनं तो गेला नाही.

तुझ्या तरुण संघाच्या दादांवर मात्र रागावू नकोस. मला त्यांची गोष्ट ठाऊक नाही, पण अशा कडक बोलणाऱ्यांत मी असे पुष्कळ बघितलेत, की ज्यांची जुनी गाणी आणि जुनी दारू एकाच टेबलावर होती. त्यांना ती चाल ऐकली की ग्लासच आठवतो. अशा माणसानं सगळं पुसलं तर ते त्याच्यापुरतं शहाणपणच आहे. घोटाळा होतो तो, स्वतःचं औषध सगळ्या वर्गाला पाजलं की.

शिवाय सरसकट बंदी टिकत नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, त्यांना सिनेसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते असं वाटे. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला आणि गाणी ऐकली. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. त्याच आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दारात उभं केलं नव्हतं, आणि इकडे मंडळ्यांमध्ये पेटीशिवाय एक गीत पुढे सरकत नव्हतं. शिबिरातून पुसून आलेल्यांपैकी किती जणांच्या फोनमध्ये महिन्याभरात तीच गाणी परत येतात, हे तूच मैत्रिणींना विचारून बघ. वाईट हे, की गाण्यांबरोबर लपवाछपवीही येते.

बाबांचा रेडिओ बंद करायला जाऊ नकोस. तो त्यांचा बाजार आहे आणि त्यांची सकाळ. एका घरी मुलानं आजीचा रेडिओ बंद केला तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "काहून बंद केलं बाप्पा? मी काय त्याले हात जोडून बसली होती का?" पौलाचे दोन अध्याय मला याहून थोडक्यात सांगता येणार नाहीत. जुन्या भावगीतांत निसर्ग आहे, आई आहे, घर आहे. देवानं बनवलेल्या गोष्टींवर कोणी चांगलं लिहिलं तर ते ऐकायला आपण परवानगी कोणाची मागायची? पौल अथेनैत उभा राहून आपण त्याचे वंशज आहोत ही ओळ म्हणतो, ती अरेटस या ग्रीक कवीची, आणि मूळ कवितेत ती झ्यूसविषयी आहे. ती कविता वाचल्याशिवाय त्याला कशी पाठ झाली असेल?

राहिलं मंडळाचं आमंत्रण. इथे मला दोन-तीन गोष्टी माहीत नाहीत, त्या तू विचारून घे. कार्यक्रम मूर्तीसमोरच्या मांडवात आहे की लेआउटच्या मोकळ्या जागेत वेगळ्या स्टेजवर? गाणी गायकानं निवडायची की गणपतीचीच म्हणायची? सुरुवात आरतीनं होते का, आणि त्या वेळी गाणाऱ्यांना पुढे उभं करतात का? भावगीतं, देशभक्तीची गाणी, जुनी हिंदी गाणी असा सांस्कृतिक कार्यक्रम असेल तर तो शेजाऱ्याचा कार्यक्रम आहे, माझ्या मते गायला हरकत नाही. हेच लोक नाताळात तुमच्या घरी करंज्या खायला येतात. देवाचीच गाणी म्हणायची असतील किंवा आरतीत उभं राहायचं असेल तर नाही म्हण. सेक्रेटरीला आत्ताच सांग, आदल्या दिवशी नको, त्यांचं तबलजी-माईकचं सगळं ठरलेलं असतं. कारण लपवू नकोस, परीक्षा आहे म्हणून थाप मारू नकोस. काका, आरती मला म्हणता येणार नाही, पण मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेला पेटीवर साथ करेन, असं सांगितलंस तर नागपूरची माणसं त्याचा राग धरत नाहीत, माझा तरी तसा अनुभव आहे.

पण पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस, की तुमच्या घरसभेत, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेत, नुकत्याच ख्रिस्ती विश्वासात आलेल्या एक ताई आहेत आणि तू जाणार हे कळल्यावर त्यांनी "तूपण जाणार का तिथे?" असं विचारलं. माझ्या दृष्टीनं तुझ्या सगळ्या पत्रात ही ओळ सर्वांत वजनदार आहे. करिंथकरांसच्या आठव्या अध्यायात पौलाला ज्या दुर्बळ भावाची काळजी आहे, म्हणजे आपल्याला बघून ज्याचा विश्वास डळमळेल अशाची, तो म्हणजे या ताई. तो मांडव त्यांनी घरच्यांचा रोष पत्करून सोडला असेल. तुला तिथे माईकवर बघून त्यांना काय वाटेल ते तुला किंवा मला इथे बसून ठरवता येणार नाही. म्हणून मंडळाला होकार देण्याआधी त्यांच्याकडे जा. काय गाणार आहेस, काय गाणार नाहीस, ते सांग. त्यांना पटलं तर जाऊन छान गा. मला जड जातंय गं, असं त्या म्हणाल्या, तर या वर्षी राहू दे. मंडळाला पुढच्या वर्षीही गाणारं कोणीतरी लागणारच आहे.